दात पडला असता तर एफआयआर झाला असता म्हणे

डीपीरोडवाला
मंडळी, जरा लांबण लावतोय, वैतागलोय म्हणून. गेल्या गुरुवारी संध्याकाळी पुण्यात म्हात्रे पुलावरून डीपी रोडला वळत होतो, समोरून एक जण राँग साइडने बाईकवर. मी हॉर्न दिला आणि "अहो इकडून कुठे" एवढंच म्हणालो, शप्पथ एवढंच. तो पुढे गेला, गाडी फिरवून परत आला, माझ्या स्कूटरला आडवी घातली, उतरला आणि काही कळायच्या आत तोंडावर एक. ओठ फाटला, तीन टाके पडले.

तसाच रक्ताच्या शर्टात चौकीत गेलो. माणसं वाईट नव्हती, पाणी दिलं, बसवलं, मेडिकलची यादी हातात दिली. दवाखान्यातून सर्टिफिकेट घेऊन परत गेलो, त्यावर डॉक्टरांनी 'सिंपल' लिहिलेलं. ते बघून हवालदार म्हणाले, "एनसी होईल साहेब. दात पडला असता तर वेगळी गोष्ट होती." मी खरंच जिभेने दात चाचपून बघितले हो. सगळे जागेवर!

घरी येऊन वाचत बसलो. भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), साधी दुखापत, १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र, एनसी म्हणतात ते. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत. १ जुलै २०२४ ला एवढा गाजावाजा करून नवा कायदा आला, जुन्या दंड संहितेतल्या ३२३ चं ११५ झालं, दंड १,००० चा १०,००० केला, पण गाभा तोच १८६० चा. माझा पंधरा हजाराचा मोबाईल पळवला असता तर एफआयआर, आणि तोंड फोडलं तर एनसी? माझं स्पष्ट मत, रक्त निघेपर्यंत मारहाण झाली की ती दखलपात्रच पाहिजे. बोला आता.

पेठेतला_एक
ओठाचं वाईट वाटलं, पण मत अजिबात पटलं नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन पोरांची जुंपली होती, एकाच्या नाकातून रक्त आलं, दुसऱ्याच्या कपाळाला टेंगूळ. दोघांनी एकमेकांवर एनसी केल्या. तुमचा कायदा असता तर दोघांवर एफआयआर, त्यातल्या एकाचा व्हिसा व्हायचा होता, बसला असता बोंबलत. आज ते दोघं गणपतीत ढोलाला शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्येक भांडण कोर्टात नेऊन काय मिळणार आहे? कोर्टात आधीच कमी गर्दी आहे का?

डीपीरोडवाला
काका, ती पोरं एकमेकांना ओळखत होती, जिन्यात रोज तोंड बघणारी. माझ्यावाला कोण होता मला माहीत पण नाही. त्याच्याशी मी कुठल्या गणपतीत ढोल वाजवू?

निवृत्त_खाकी
बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर. रात्री जो माणूस टेबल बडवत "आत टाका त्याला" म्हणून ओरडतो ना, तोच सकाळी हसत येतो, साहेब मिटवलं आम्ही, ते कागद फाडून टाका. नेहमीचं आहे हे. त्या प्रत्येकाचा गुन्हा दाखल करायचा म्हटलं तर जागेचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, दोषारोपपत्र, आणि पुढे फिर्यादीच कोर्टात फिरकत नाही किंवा फितूर होतो. बरं एनसी झाली म्हणजे आमचे हात बांधले असंही नसतं. वारंवार मारामाऱ्या करणाऱ्याला आम्ही चॅप्टर केस लावायचो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (नागरिक सुरक्षा संहितेचं) १२६, शांतता राखीन म्हणून बाँड लिहून घ्यायचा. भल्याभल्यांची नशा उतरते त्याने.

डीपीरोडवाला
दादा, माणसं कमी आहेत म्हणून माझं तोंड स्वस्त, असंच ना? मग तसं कायद्यात लिहा सरळ.

काळाकोट
शिवाजीनगर कोर्टात रोज उभा असतो म्हणून दोन गोष्टी. दाताचं हवालदार बरोबरच बोलले. कलम ११६ मध्ये 'गंभीर दुखापत' म्हणजे काय याचे आठ प्रकार आहेत, त्यातला सातवा हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. पुढचा दात तुटला की ११७(२), ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र. आठव्या प्रकारात जीव धोक्यात आणणारी दुखापत किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार करता न येणं असं आहे, जुन्या कायद्यात ते वीस दिवस होते. म्हणजे कायदा हाड मोजतो, दिवस मोजतो, अपमान फारसा मोजत नाही. भर चौकात बायकोपोरांसमोर कानाखाली बसली आणि वळ पण उठला नाही, तर बऱ्याचदा नुसतं कलम १३१, ३ महिने किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कोर्टात अशी माणसं मी बघितलीत, मार विसरलेले असतात, कोणकोण बघत होतं ते विसरत नाहीत.

पण दादा तुमच्याच पोस्टमध्ये एक वाक्य आहे त्याच्यावरून सगळे घसरून गेले. त्याने गाडी आडवी घातली. हे एनसीत आलंय का? तुमच्याकडे कॉपी असेल, बघून शब्द न् शब्द इथे टाका.

हात_शिवशिवतायत
एवढं कलम बिलम कशाला, एक ठेवून द्यायची परत. स्वसंरक्षण.

काळाकोट
तो मारत असताना अडवायला, सुटायला लागेल तेवढंच. कलम ३४ पासून खासगी बचावाचा हक्क आहेच, आणि संकटात भित्र्यासारखं पळून जा असं कायदा सांगत नाही, सुप्रीम कोर्टानेच २०१० मध्ये दर्शन सिंगच्या निकालात म्हटलंय. पण तो किक मारून निघाला आणि तुम्ही मागून जाऊन ठेवून दिलीत की ते स्वसंरक्षण नाही, मग तुमच्यावर ११५(२). वरच्या सोसायटीतल्या पोरांसारखी क्रॉस एनसी, दोघंही घरी.

डीपीरोडवाला
कॉपी मिळाली, डिकीत होती. जसंच्या तसं: "यातील अनोळखी इसमाने वाहन चालविण्याचे कारणावरून फिर्यादीस शिवीगाळ करून हाताने मारहाण केली, वगैरे मजकुरावरून. फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली." खाली माझी सही. गाडी आडवी घातल्याचं नाही. सांगितलं होतं की नाही तेही आता आठवत नाही खरं सांगायचं तर, तोंडाला कापूस लावलेला, बायको फोनवर फोन करत होती, जे पुढे केलं त्यावर सही केली.

काळाकोट
तेच वाटलं. आता गंमत बघा. कुणाला त्याच्या वाटेने जाता येणार नाही असं अडवणं हा वेगळा गुन्हा, न्याय संहितेचं कलम १२६(२). शिक्षा जेमतेम १ महिना किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. पण दखलपात्र. आणि बीएनएसएस कलम १७४(४) म्हणतं, एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे ओठ फोडल्याने एफआयआर होत नाही, वाट अडवल्याने होतो.

पेठेतला_एक
हे तर अजबच आहे.

निवृत्त_खाकी
वकील साहेब, आता उद्यापासून पुण्यातला प्रत्येक जण "आडवी घातली" असंच लिहून आणणार बघा. सिग्नलला निम्म्या गाड्या आडव्याच असतात, नुसतं आडवं असणं आणि मुद्दाम अडवणं यात फरक आहे. पण हो, यांच्या केसमध्ये तो मागून फिरून आलाय म्हणजे मुद्दामच अडवलंय. मी टेबलावर असतो तर मी विचारलं असतं. सगळेच विचारतात असं नाही, ते मान्य.

वस्तीतली_ताई
सगळे आपले रस्त्यावरच्या भांडणाचं बोलताय. मी जनता वसाहतीच्या बाजूला बालवाडी चालवते, तिथून बघा जरा. नळावर बायकांची भांडणं होतात, हंडा लागतो, रक्तही येतं. उद्या हे सगळं दखलपात्र झालं तर गाडीवाल्या साहेबाला कोण उचलणार आहे? उचलणार आमच्या पोरांना. दोन टाक्यांसाठी एफआयआर आणि मग पोलिस भरतीला, कंपनीच्या व्हेरिफिकेशनला तो कागद आयुष्यभर आडवा. दादा तुमचा राग खरा आहे, पण तुम्ही मागताय तो अधिकार तुमच्याकडे येणार नाही, चौकीकडे जाणार आहे.

डीपीरोडवाला
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पण दखलपात्र म्हणजे लगेच अटक असं कुठे आहे? ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार निकालात २०१४ मध्येच सांगितलंय ना, आधी नोटीस द्यायची.

वस्तीतली_ताई
नोटीस तुमच्याकडे पोस्टाने येत असेल. आमच्याकडे दोन जण गाडी घेऊन येतात आणि म्हणतात चल रे जरा.

डीपीरोडवाला
मग नळावरच्या बाईने पण काय करायचं? तिचं डोकं फुटलं तर तिलाही एनसीच ना? तिलाही "कोर्टात दाद मागा"च. तिच्याकडे वकिलाला द्यायला आहेत पैसे?

वस्तीतली_ताई
नाहीत. ती माझ्याकडे येते, मी जाऊन समोरचीला बोलते. कधी ऐकते कधी नाही ऐकत. सोपं आहे असं मी म्हणालेच नाही.

पेठेतला_एक
मला एक कळत नाही, नव्या कायद्यात ती सामुदायिक सेवेची शिक्षा आणली ना? मग असल्या थोबाडीत मारणाऱ्याला महिनाभर रस्ता झाडायला लावा की, ना कैद ना दंड. तुमचंही समाधान, पोराचंही आयुष्य वाचलं.

काळाकोट
काका, ती मोजक्याच गुन्ह्यांना आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, पाच हजाराच्या आतली पहिली चोरी, बदनामी वगैरे. मारहाण त्या यादीत नाही. तुमची सूचना मात्र या धाग्यातली सगळ्यात शहाणी आहे, आणि ती एफआयआर नको म्हणणाऱ्याकडून आली.

डीपीरोडवाले, तुमच्यासाठी दोन रस्ते. एक, घडलं ते सगळं, आडवी घातल्यासकट, लेखी पुरवणी अर्ज करून द्या, वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने, आणि पोच घ्या. पोच घ्याच. दोन, नाहीच हललं तर मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएसच्या १७४(२) खाली तपासाचा आदेश मागायचा, नाहीतर २२३ खाली थेट खासगी फिर्याद. नव्या कायद्यात दखल घेण्याआधी कोर्ट आरोपीचंही ऐकून घेतं, त्यामुळे वेळ लागेल. आणि ११५(२) ला मुदत १ वर्षाची आहे, वर्ष उलटल्यावर येऊ नका माझ्याकडे.

डीपीरोडवाला
पण आरोपी कोण? "अनोळखी इसम". कोर्ट ऐकून कुणाचं घेणार?

निवृत्त_खाकी
गाडीचा नंबर?

डीपीरोडवाला
शेवटचे चार आकडे आठवतायत. एनसीत सांगितले होते बहुतेक.

निवृत्त_खाकी
बहुतेक नको. कॉपी काढा परत, वाहनाच्या रकान्यात बघा.

डीपीरोडवाला
माझ्या स्कूटरचा लिहिलाय.