बाथरूममध्ये आधाराचे दांडे नेमके कुठे बसवावेत?

निशिगंध (पुणे):

नमस्कार. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. अडीच महिन्यांपूर्वी डाव्या खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि आता त्या काठी घेऊन घरातल्या घरात हिंडू लागल्या आहेत. पडल्या त्या स्वयंपाकघरात, पण तेव्हापासून आम्हा सर्वांना धास्ती वाटते ती बाथरूमची.

आमची इमारत १९९८ सालची आहे. बाथरूम साडेचार फूट रुंद आणि सात फूट लांब असून त्यातच कमोड आहे. दार आत उघडते आणि उजव्या भिंतीला टेकते. आत पाऊल टाकताना दोन इंच खाली उतरावे लागते. डाव्या हाताला दाराजवळ बेसिन आहे, समोरच्या टोकाला डाव्या भिंतीलगत कमोड आहे, आणि उजव्या भिंतीवर मध्यभागी नळ व त्यांच्या वर गीझर आहे. आई शॉवर वापरत नाहीत. नळाकडे तोंड करून प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात आणि बादलीतले पाणी मगाने घेतात.

प्लंबर म्हणाला, "दोन दांडे आणा, जिथे जागा असेल तिथे लावून देतो." मला हे उत्तर पटले नाही. इंटरनेटवर जी चित्रे दिसतात त्यांत बाथटब तरी असतो किंवा काचेच्या दाराचा शॉवर, त्यामुळे त्यांचा आम्हाला काहीच उपयोग होत नाही. दांडे किती, कोणत्या भिंतीवर आणि किती उंचीवर लावावेत? भोके न पाडता चिकटणारे, रबरी वाटीचे दांडे चालतील का? टाइल फुटण्याची भीती वाटते म्हणून विचारते.

हातपाय (व्यवसायोपचारतज्ज्ञ, ठाणे):

निशिगंधताई, आपण वर्णन इतके नेमके दिले आहे की अर्धे काम झालेच आहे. उरलेले अर्धे आपल्या सासूबाईंनी आधीच करून ठेवले असेल. उद्या सकाळी बाथरूममध्ये जाऊन टॉवेलचा रॉड, नळाची मूठ, बेसिनची कड आणि दाराची कडी यांपैकी काय सैल झाले आहे, कोणत्या टाइलवर तळहाताचा डाग पडला आहे, ते पाहा. माणूस तोल सावरताना विचार करून हात टाकत नाही. जिथे त्याचा हात आपोआप जातो तिथेच दांडा हवा. वीतभर बाजूला असलेला दांडा ऐन वेळी नसल्यासारखाच असतो.

आता एकेक जागा पाहू. आपल्याकडे अंघोळ म्हणजे बसणे आणि उठणे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर स्टुलावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पडण्याचा क्षण बहुधा तोच असतो. त्या नळाकडे तोंड करून बसत असल्यामुळे त्यांचा धडधाकट उजवा हात दाराच्या बाजूला येतो. म्हणून नळापासून दाराकडे साधारण फूटभर अंतरावर एक उभा दांडा हवा. त्याचे खालचे टोक बसल्या जागी हाताला लागावे आणि वरचे टोक उभे राहिल्यावर खांद्याजवळ यावे, म्हणजे एकाच दांड्यावर हात सरकवत उठता येते. मात्र उघडे दार त्याच भिंतीला टेकत असल्याने ते दांड्यावर आपटत नाही ना, हे आधी तपासा.

दुसरी जागा कमोडची. कमोडवर बसल्यावर डावी भिंत त्यांच्या उजव्या हाताला येते, हे आपले भाग्यच. तिथे आडवा दांडा लावा आणि त्याचे पुढचे टोक कमोडच्या कडेपासून किमान आठ-दहा इंच पुढे येऊ द्या, कारण उठताना माणूस आधी पुढे झुकतो. मागेच संपणारा दांडा फक्त बसून राहायला उपयोगी पडतो. उंचीबद्दल म्हणाल, तर अमेरिकेच्या मानकात जमिनीपासून ३३ ते ३६ इंच दिलेली आहे आणि ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत ६८० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २७ इंच. दोन देशांत सहा इंचांहून अधिक फरक असेल, तर पुण्यातल्या चार फूट दहा इंचांच्या आजींसाठी कोणताही आकडा डोळे मिटून घेऊ नये. त्यांना कमोडवर बसवा, कोपर किंचित वाकवून हात पुढे करायला सांगा आणि तळहात टेकेल तिथे खूण करा. ती खूण बहुधा आसनापासून आठ ते बारा इंच वर येते. कमोड बुटके असेल तर आधी वर बसवायचे उंच आसन आणा आणि मगच माप घ्या. क्रम उलटला तर सगळे माप चुकते.

तिसरी जागा दाराची. जिथे पातळी बदलते तिथे उतरताना दुखरा पाय आधी आणि चढताना चांगला पाय आधी, हे त्यांना फिजिओथेरपीत शिकवले असेलच. अडचण अशी की आत जाताना जो आधार उजव्या हाताला असतो, तोच बाहेर येताना डाव्या हाताला येतो. त्यामुळे चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा हवा. आतल्या उजव्या बाजूला तुमचे दार येते, म्हणून तो दांडा बाहेरच्या भिंतीवर लावा. डाव्या बाजूचा आत, बेसिन आणि चौकट यांच्यामध्ये बसवा. जमल्यास दारच बाहेर उघडणारे करून घ्या. आत पडलेल्या माणसाचे अंग दाराला अडले की दार ढकलताही येत नाही, आणि ती घालमेल मी एका घरी प्रत्यक्ष पाहिली आहे. तोवर निदान आतली कडी काढून बाहेरूनही उघडणारे कुलूप बसवा.

रबरी वाटीचे दांडे कृपया नकोत. वाटीतली निर्वात पोकळी नकळत कमी होत जाते, टाइलच्या सांध्यावर वाटी धड बसतही नाही, आणि दांडा सुटतो तो पूर्ण भार पडल्यावरच.

जोत्यापासून (बांधकाम ठेकेदार, नाशिक):

जागेबद्दल ताईंनी सांगितले ते मान्य. भिंतीचे मात्र माझ्याकडून ऐका, कारण दांडा तुटत नाही, भिंतीतून उपटून येतो. अमेरिकी मानकात दांड्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार पेलावा अशी अपेक्षा असते. तुमच्या प्लंबरला हा आकडा सांगा आणि त्याचा चेहरा पाहा.

प्रथम रुपयाचे नाणे घेऊन टाइल ठोकून बघा. जुन्या कामात गवंडी टाइलच्या मागे सिमेंटचे चार-पाच गोळे देऊन ती भिंतीवर दाबत असत, त्यामुळे मध्ये पोकळी राहते. बद्द आवाज आला तर तिथे टाइलमागे आधार नाही. स्क्रू आवळताच ती तडकेल. १९९८ च्या इमारतीत भिंती बहुधा विटांच्या असतील आणि बेडरूमकडची डावी भिंत चार इंची असेल. त्या भिंतीवर नुसत्या प्लगवर, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या नळीवर, विसंबू नका. आरपार बोल्ट घ्या आणि बेडरूमच्या बाजूला पोलादी पट्टी देऊन नट आवळा. पट्टी कपाटामागे झाकली जाते. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके, सच्छिद्र ब्लॉक असतात, त्यांत साधा प्लग भुसभुशीत होऊन फिरतो; तिथे भोकात रसायन भरून सळई बसवावी लागते.

उजव्या भिंतीबाबत सावध राहा. नळापासून गीझरपर्यंत गरम-थंड पाण्याच्या नळ्या बहुधा भिंतीतून सरळ वर गेलेल्या असतात आणि गीझरची वायरही जवळपासच असते. फूटभर अंतर ठेवा, पाण्याचा वॉल्व्ह आणि गीझरचा एमसीबी बंद करा, मगच ड्रिल लावा. उमेदीच्या काळात मी एका घरी मोठ्या विश्वासाने ड्रिल घातले आणि गरम पाण्याची नळी फोडली. त्या दिवशीची मजुरी तर गेलीच, वर सहा टाइल पदरच्या घालाव्या लागल्या.

टाइल फुटू नये म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावा, टाइलसाठीचे वेगळे टोक वापरा आणि टाइलला आरपार भोक पडेपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवा. प्लग टाइलच्या मागे विटेत सरकला पाहिजे, कारण तो टाइलमध्येच राहिला तर फुगून तिला चीर देतो. स्क्रू घालण्यापूर्वी भोकात सिलिकॉन भरा, नाहीतर वर्षभरात बेडरूमच्या रंगाला फुगे येतील. दांडा ३०४ दर्जाच्या स्टीलचा घ्या. स्वस्तातला २०२ बोअरच्या पाण्याने लवकर गंजतो. जाडी सव्वा ते दीड इंच असावी आणि भिंतीपासून अंतर दीड इंच. अंतर त्याहून जास्त असेल तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकतो.

आजोबा_८१ (सातारा):

वरील दोघेही जाणकार आहेत, मी केवळ वापरकर्ता आहे. माझ्या घरी चार वर्षांपासून तीन दांडे आहेत, आणि सर्वांत जास्त वापर होतो तो बेसिनजवळच्या उभ्या दांड्याचा. कारण कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. अंघोळीनंतर ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून पायजम्यात दुसरा पाय घालणे, ही माझ्या दिवसातली सर्वांत धोक्याची कसरत आहे. हिने मला बसून कपडे घालायला शंभर वेळा सांगितले आहे. पण सवय जात नाही, निदान दांडा तरी आहे.

दुसरे असे की दांड्यावर पंचा वाळत घालू देऊ नका. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात त्यावर दोन पंचे आणि एक परकर आला, आणि मी घाईत हात टाकला तो पंच्यासकट घसरला. नरक चतुर्दशीला तेल लावलेल्या हातानेही गुळगुळीत दांडा धरवत नाही. त्यामुळे खरखरीत पकडीचा दांडा मिळाला तर तोच घ्यावा, भले तो दिसायला दवाखान्यातला वाटो.

निशिगंध:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी आईंना न सांगता पाहिले. टॉवेलचा रॉड एका बाजूने निखळलेला होता, आणि आम्ही इतके दिवस त्याबद्दल मुलांना रागावत होतो. "तो धरूनच तर उठते मी," असे आईंनी सहज सांगितले.

त्यानंतर त्यांना कमोडवर आणि स्टुलावर बसवून निळ्या चिकटपट्टीने खुणा केल्या. कमोडजवळची खूण मी मनाशी धरलेल्या उंचीपेक्षा चार इंच खाली आली. जेट स्प्रेचा हूक नेमका त्या रेषेवर येतो, म्हणून तो खाली सरकवावा लागेल. नळाजवळच्या खुणेपर्यंत उघडे दार पोहोचत नाही, हेही पाहून घेतले. उजव्या भिंतीवर नाण्याचा आवाज ठणठणीत आहे, डाव्या भिंतीवर मात्र तीन टाइल बद्द वाजल्या. जोत्यापासून काका, आरपार बोल्ट घेताना त्या पोकळ टाइलमागे आधी काही भरावे लागेल का?

जोत्यापासून:

हो. तसाच बोल्ट आवळलात तर टाइल आत दबून तडकेल. त्या तीन टाइल काढा, मागे पूर्ण सिमेंट भरून पुन्हा बसवा आणि ते आठवडाभर सुकू द्या. जुनी टाइल काढताना फुटेलच आणि त्या रंगाची आता मिळणार नाही. तेवढी पट्टी वेगळ्या रंगाची राहू द्या. दांडाही भिंतीतून उठून दिसेल, आणि आजींची नजर कमी असेल तर ते बरेच.