सोडियम बेंझोएट आणि उंदरांच्या गुणसूत्रांना होणारी इजा

शुभदा, गिरगाव
माझ्या वीस किलो वजनाच्या मुलाला डब्यातल्या सँडविचबरोबर रोज सॉस लागतो. बाटलीवर ‘आयएनएस २११’, म्हणजे सोडियम बेंझोएट, असे छापलेले आहे. या परिरक्षकाने उंदरांच्या अस्थिमज्जेत ‘मायक्रोन्यूक्लियस’ वाढल्याचे वाचल्यापासून काळजी वाटते. याचा नेमका अर्थ काय, आणि सॉस बंद करावा का?

अनिरुद्ध, परळ
शुभदाताई, तांबडी रक्तपेशी परिपक्व होताना आपले केंद्रक बाहेर टाकते. परंतु त्याआधीच्या विभाजनात एखादे गुणसूत्र तुटले किंवा मागे राहिले, तर तो तुकडा पेशीतच अडकतो आणि रंगवलेल्या काचपट्टीवर गडद, वाटोळा ठिपका होऊन दिसतो; हाच मायक्रोन्यूक्लियस. रसायनांच्या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनेनुसार प्रत्येक प्राण्याच्या किमान ४,००० अपक्व पेशी तपासून हे ठिपके मोजतात. अशा प्रयोगांत मात्रा मुद्दाम मोठ्या ठेवतात, त्यामुळे ठिपके वाढले एवढ्यावरून ताटातल्या धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली; आपल्या मुलासाठी ती १०० मिलिग्रॅम होते. किलोभर सॉसमध्ये ७५० मिलिग्रॅम बेंझोएट धरले, तरी १५ ग्रॅमच्या चमच्यातून जेमतेम ११ मिलिग्रॅम पोटात जाते.

सुमेधा, मुलुंड
हिशेब पटला, तरी गुणसूत्रांविषयीचा संशय मात्रेच्या नावाखाली बाजूला सारणे मला मान्य नाही. जपानमध्ये ‘एएफ-२’ हे परिरक्षक १९६५ पासून तोफूत आणि माशांच्या सॉसेजमध्ये सर्रास वापरले जात होते. ते जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवते असे दिसले, पुढे उंदरांत त्याने कर्करोग होतो हेही सिद्ध झाले, आणि १९७४ साली त्यावर बंदी आली. तोवर लोकांनी ते वर्षानुवर्षे खाल्ले होते.

अनिरुद्ध, परळ
एएफ-२चे उदाहरण अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच अशा चाचण्या झाल्याच पाहिजेत. मात्र तिथे जिवाणू आणि प्राणी दोहोंकडून एकच उत्तर आले. बेंझोएटच्या जिवाणू चाचण्या बहुतांशी नकारात्मक आहेत आणि उंदरांना ते दीर्घकाळ खाऊ घालूनही कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. पेशींवरील काही प्रयोगांत मात्र गुणसूत्रे तुटलेली दिसली आहेत, हेही खरे. शुभदाताई, घरचा चमचाभर सॉस बंद करण्याची गरज नाही. शीतपेयांकडे अधिक लक्ष द्या, कारण ती प्रमाणाने जास्त पोटात जातात आणि त्यांत बेंझोएटसोबत क जीवनसत्त्व असेल, तर उष्णता व प्रकाश लागून अत्यल्प बेंझीन तयार होऊ शकते. बेंझीन माणसात कर्करोग घडवते, याविषयी शंका नाही.