टॅक्स ऑफिसची पार्ट-टाइम नोकरी आणि गुऱ्हाळांवरचा लघुशोधप्रबंध: वेळ कसा बसवायचा?

करवीर_अर्थ
एम.ए. अर्थशास्त्र, शेवटचं वर्ष. विषय करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांचा उत्पादनखर्च, नमुना ४० गुऱ्हाळांचा. दुपारी २ ते ७ शाहूपुरीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम, सुट्टी फक्त रविवारी. रिटर्नच्या तारखा आल्या की घरी यायला ९ वाजतात. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचाय. गाईड म्हणतात, आधी वाचन पूर्ण करा, मग फिल्डवर जा. नोकरी सोडता येणार नाही. कसं बसवू?

खातेवही
ताई, ‘रोज दोन तास लिहायचं’ हे वेळापत्रक तुमच्या नोकरीत टिकणार नाही. मासिक रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं जीएसटी रिटर्न) ११ तारखेला आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) २० तारखेला असतं. त्यामुळे ८ ते ११ आणि १६ ते २० या दिवसांत लिखाण शून्य धरा. संदर्भसूची भरणं, तक्ते नीट करणं एवढंच ठेवा. २१ पासून पुढच्या महिन्याच्या ७ पर्यंतचे दिवस खरे तुमचे. लिहिलेलं प्रकरण ७ तारखेच्या आत गाईडच्या हातात पडलं की त्यांचं वाचून होईपर्यंत तुमची गर्दी उरकलेली असते.

मार्चएंडला ऑफिस सोडणार नाही, म्हणून पूर्ण मसुदा फेब्रुवारीअखेर. मालकांशी आत्ताच बोला. सुट्टी मागायचीच तर २१ नंतरची मागा, ती सहज मिळते.

चिपाड
वाचन आधी हा सल्ला एरवी बरोबर, पण या विषयाला लागू नाही. गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हाळ्यात थंडावतात. हंगाम संपल्यावर गेलात तर बंद चुलाण दिसेल आणि मालक आकडे आठवून सांगेल. गाईडना हे स्पष्ट सांगा. नोव्हेंबर ते जानेवारी फिल्ड, वाचन सोबत.

जायचं सकाळीच. गूळ उतरवायची वेळ आली की गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर) मान वर करत नाही. काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) नवा रस पडला की तो मोकळा असतो, तेव्हा बसा. एका सकाळी दोन गुऱ्हाळं झाली तरी पुष्कळ.

प्रश्न वर्षाचा विचारू नका, आदणाचा (काहिलीच्या एका उकळीचा) विचारा: किती ऊस घातला, किती रवे (गुळाच्या ढेपा) निघाले, रवा किती किलोचा, मजुरी आदणावर की उक्ती (ठोक)? टनाला साधारण शंभर किलोच्या आसपास गूळ पडतो. कुणाच्या फॉर्मवर दीडशे आला तर बहुतेक रव्याचं वजन चुकलंय. तिथंच परत विचारा. फॉर्म त्याच दिवशी एक्सेलमध्ये चढवा, नाहीतर आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.

आणखी एक. घरचा ऊस गाळणारा ‘उसाला खर्च काय, घरचाच की’ म्हणतो. तो शून्य धरलात तर प्रत्येक गुऱ्हाळ नफ्यात दिसेल. उसाला कारखान्याचा त्या हंगामाचा दर लावा आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहा. तोंडी परीक्षेला हमखास इथंच धरतात.

डीटीपी_राजारामपुरी
टायपिंग पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये करा. अर्धी प्रकरणं श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे फॉन्ट) आणि अर्धी मंगलमध्ये (युनिकोड फॉन्ट) घेऊन लोक येतात. रूपांतर केलं की रफार आणि जोडाक्षरं फुटतात आणि सगळं हातानं तपासावं लागतं. वर जुन्या फॉन्टचा मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण आधी तपासणी नीट व्हायला हवी ना.

शीर्षकांना वर्डमधल्या हेडिंग स्टाइल लावा, अनुक्रमणिका आपोआप येते. हातानं पानं टाकलीत की एक तक्ता वाढला तरी सगळे आकडे सरकतात. मागचं वाचन शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांची वेबसाइट) प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतं. झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) टाकत चला. बायंडिंगला एप्रिलमध्ये रांग असते, आठवडाभर हाताशी ठेवा.

करवीर_अर्थ
गाईडशी बोलते. फॉर्म भरायचा वेळ वाचवायला मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर?

चिपाड
नको. चरक (ऊस गाळायचं यंत्र) चालू असताना त्याची घरघर तेवढी ऐकू येते. शिवाय तासाभराचं बोलणं उतरवून घ्यायला तीन-चार तास जातात, ते तुमच्याकडं आहेत कुठं? आकडे फॉर्मवरच घ्या. मालकाची परवानगी घेऊन वजनवहीच्या पानाचा फोटो मात्र काढा.