छोटा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड: अक्षरं गळतात, कर्सर उडतो. ठेवू की परत करू?

रात्रपाळी

परत करायची मुदत संपत आली आहे, म्हणून घाईत लिहिते आहे.

टेबलावर जागा कमी पडते म्हणून मोठा कीबोर्ड काढून छोटा वायरलेस मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, घेतला. बटणं दाबायला इतकी छान आहेत की बोटं दुखायची थांबली. पण दोन त्रास आहेत. थोडा वेळ हात थांबला आणि परत टाइप करायला घेतलं की पहिली एक-दोन अक्षरं उमटतच नाहीत. दुसरा त्रास जास्त वाईट आहे. चालू टायपिंगमध्ये अक्षर गळतं, कर्सर भलतीकडे जातो आणि पुढचं सगळं वरच्या ओळीत घुसतं. माझं दिवसभर मजकुराचंच काम आहे. प्रत्येक परिच्छेद पुन्हा वाचत बसावं लागतंय.

वायर लावून पाहिली, तरी तेच. वायरलेस मेकॅनिकल असेच असतात का? दुसरा घ्यायचा तर कुठला घेऊ?

खटखट्या

आधी स्विच कोणते ते सांगा, रंगावरून त्यांचा प्रकार कळतो. लाल असतील तर लांबलचक मजकुराला घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. चेरी कंपनीचा लाल स्विच ४५ सेंटीन्यूटनला, म्हणजे साधारण ४५ ग्रॅमच्या दाबाला उमटतो, तोही २ मिलिमीटर खाली गेल्यावरच. पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा. वाटेत अडथळा काहीच नाही, त्यामुळे बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं. तपकिरी घ्या. मध्ये हलका उंचवटा लागतो, अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं. मी तपकिरीवर आल्यापासून माझ्या चुका खूप कमी झाल्या.

सोल्डरगन

खटखट्या, त्यांची तक्रार अक्षर गळण्याची आहे, नको ते पडण्याची नाही. त्यात स्विचच्या रंगाचा काय संबंध?

ताई, किती बटणांचा आहे? ब्लूटूथवर चालवता की डोंगलवर (यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर)? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच बटणाला होतं की कुठल्याही? एकाच बटणाला होत असेल तर रेडिओचा दोष नाही. रेडिओ बटण बघून अक्षर गाळत नाही.

वायर लावून पाहिली म्हणता, पण बहुतेक अशा कीबोर्डांना बाजूला किंवा मागे सरकपट्टी असते: ब्लूटूथ, डोंगल, केबल. पट्टी ब्लूटूथवरच ठेवून केबल लावली तर अनेक मॉडेलांत नुसतं चार्जिंग होतं, अक्षरं हवेतूनच जात राहतात. शिवाय काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. ब्लूटूथ बंद करून केबलवर टाइप होतंय का बघा, तरच ती चाचणी खरी.

वायरवाला

वायरलेसचा हट्ट कशाला? छोटाच हवा असेल तर छोटा आणि वायरचा घ्या. चार्ज संपण्याची भीती नाही, जोडणी तुटण्याची भीती नाही. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम यायच्या आधी बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जायचं असेल किंवा डिस्कचा पासवर्ड टाकायचा असेल तर बहुतेक यंत्रांवर ब्लूटूथ कीबोर्ड चालतच नाही. तेव्हा काय करणार?

रात्रपाळी

वायर नकोच आहे हो. दोन लॅपटॉप आहेत, एक कामाचा आणि एक माझा, आणि एकच कीबोर्ड दोन्हीकडे फिरवायचा आहे. कामाच्या लॅपटॉपवर ब्लूटूथ, माझ्यावर डोंगल. विंडोज आहे दोन्हीकडे. कीबोर्ड ६१ बटणांचा. स्विच लालच आहेत आणि मला आवडलेत, त्यावर कृपया चर्चा नको.

सरकपट्टी ब्लूटूथवरच होती. केबलवर नेऊन बघते.

धूमकेतू

डोंगल कुठे लावलाय? माझी खात्री आहे की तिथेच गडबड आहे. यूएसबी ३ चं पोर्ट आणि केबल चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात, आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलेलं आहे. शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर फाइल उतरत असेल तर अक्षरं हमखास गळतात. माऊसही अडखळतो. उपाय सोपा आहे: यूएसबी २ ची छोटी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल हबपासून दूर, कीबोर्डाच्या जवळ आणा. मी आणि माझ्या ओळखीच्या कित्येकांनी हेच केलं आणि प्रश्न सुटला.

सोल्डरगन

माहिती बरोबर आहे, पण त्यांना ब्लूटूथवरही तोच त्रास होतोय ना? तिथे डोंगलच नाही.

धूमकेतू

ब्लूटूथही २.४ वरच चालतं. गोंगाट दोघांनाही नडतो.

सोल्डरगन

नडतो, मान्य. पण ब्लूटूथ सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहतं आणि पोचलं नाही तर पुन्हा पाठवतं. आणि गोंगाटाने अक्षर गळेल किंवा उशिरा येईल. कर्सर वरच्या ओळीत जाणार नाही. त्या तक्रारीचं उत्तर तुमच्याकडे नाही.

जुनी_पेटी

मूळ प्रश्न थोडा बाजूला ठेवून सांगतो. छोट्या कीबोर्डची खरी मजा ६० बटणांच्या हॅपी हॅकिंग नावाच्या कीबोर्डमध्ये आहे. १९९६ मध्ये जपानात आला. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आहे, आणि एकदा त्याची सवय लागली की दुसऱ्या कीबोर्डवर करंगळी तक्रार करते. तसा कीबोर्ड घेणं जमत नसेल तर निदान कॅप्स लॉकचा कंट्रोल करून घ्या. क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डातलाच प्रोग्राम) आणि व्हाया (बटणांची कामं बदलायचं अॅप) चालणारा कीबोर्ड असेल तर हा बदल कीबोर्डातच साठतो, कुठल्याही संगणकाला जोडा.

पानोपानी

पहिल्या त्रासाबद्दल कुणीच बोललं नाही. हात थांबल्यावर अक्षरं न येणं ही कीबोर्डाची झोप आहे. बॅटरी वाचवायला तो काही मिनिटांनी झोपतो, पहिलं बटण दाबलं की जागा होऊन पुन्हा जोडणी करतो, आणि त्या क्षणात दाबलेलं काही मॉडेलांत वाया जातं. ब्लूटूथवर हे जास्त जाणवतं, डोंगलवर जाग लवकर येते, आणि केबलवर हा प्रश्न सहसा येत नाही. पुस्तिकेत झोपेची वेळ वाढवायची किंवा बंद करायची सोय आहे का बघा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला उपकरण बंद करू देण्याची खूण असते, ती काढा. कामाच्या लॅपटॉपवर कदाचित परवानगी नसेल. तोवर टाइप करायच्या आधी नुसतं शिफ्ट दाबायची सवय लावा. त्याने अक्षर पडत नाही आणि कीबोर्ड जागा होतो.

झोप बंद केलीत तर मागचे दिवे बंद ठेवा. बॅटरी सगळ्यात जास्त तेच खातात.

रात्रपाळी

शिफ्टची युक्ती चालली, दोन्ही लॅपटॉपवर. मनापासून आभार.

पण दुसरं तसंच आहे. पट्टी केबलवर नेऊन, ब्लूटूथ बंद करून पाहिलं. डोंगलही काढून टाकला. तरी अक्षर गळतं, कर्सर उडतो. म्हणजे कीबोर्डच सदोष ना? परत करून टाकते.

चकचकीत

बटणांच्या टोप्या कुठल्या प्लास्टिकच्या आहेत, एबीएस की पीबीटी? एबीएस असतील तर काही महिन्यांत ए आणि एस तेलकट चमकायला लागतील. दुसरा घ्याल तेव्हा पीबीटीच बघा.

अनुस्वार

ताई, परत करण्याआधी एक सांगा. कुठलं अक्षर गळतं? सोल्डरगन यांनी विचारलं होतं, उत्तर राहिलं.

रात्रपाळी

य. फक्त य. आणि सतत नाही. दोन-दोन तास सुरळीत असतो, मग अचानक एकही य येत नाही. बंद करून चालू केला की कधी येतो, कधी नाही.

अनुस्वार

तुम्ही इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, टाइप करता का?

रात्रपाळी

हो, मराठीचंच काम आहे ना. पण त्याचा काय संबंध? इंग्रजी मजकुरात एकदाही झालं नाही.

अनुस्वार

संबंध आहे. इन्स्क्रिप्टमध्ये य स्लॅशच्या बटणावर आहे, उजव्या शिफ्टच्या अगदी डावीकडे. ६१ बटणांत वेगळ्या अॅरो कीज मावत नाहीत, म्हणून काही मॉडेलांत उजव्या कोपऱ्यातली चार बटणं दोन कामं करतात. स्लॅश वर जातो, त्याच्या खालची तीन डावीकडे, खाली आणि उजवीकडे. एरवी ही कामं एफएन (बटणांची दुसरी कामं चालू करणारं बटण) धरून होतात. पण एक जोडदाब असा असतो की त्याने ही अदलाबदल कायमची चालू होते. मग नुसता स्लॅश दाबला तरी कीबोर्ड संगणकाला 'वरचा अॅरो' असंच कळवतो. तुम्ही 'केल्या' लिहायला जाता, क-े-ल-हलंत येतं, य च्या जागी कर्सर वर उडतो, आणि उरलेला काना वरच्या ओळीत पडतो.

इंग्रजीत स्लॅश आणि प्रश्नचिन्ह किती वेळा लागतं? म्हणून तिकडे कळलं नाही. आपल्याला य प्रत्येक वाक्यात लागतो.

माझ्याकडच्यात ही अदलाबदल एफएन आणि एंटरने होते. तुमच्यात वेगळं असू शकेल, पुस्तिकेत अॅरो लॉक किंवा तत्सम नावाने शोधा. गळायला लागलं की तो जोडदाब करून बघा.

धूमकेतू

तरीही डोंगलची एक्स्टेन्शन घ्याच. उपयोगाची वस्तू आहे.

रात्रपाळी

एफएन आणि एंटरच!! आत्ता मुद्दाम करून पाहिलं. एकदा दाबलं, य गायब. पुन्हा दाबलं, य हजर. मी ओळीच्या शेवटी जायला एफएन धरून एंड दाबते आणि लगेच एंटर. एफएन सुटायच्या आधी एंटर लागत असणार.

सावकाश

यापेक्षा इन्स्क्रिप्ट सोडून फोनेटिक घ्या. य वाय वर, क के वर. कुठलाही कीबोर्ड चालेल.

अनुस्वार

ज्यांच्या बोटात इन्स्क्रिप्ट बसलंय त्यांना हा सल्ला देऊ नका. बहुतेक स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. अडचण बटण दुहेरी असण्याची आहे, मांडणीची नाही.

सावकाश

मी फोनेटिकवर तितक्याच वेगाने लिहितो. ज्याला जे जमेल ते. पण नवीन माणसाला इन्स्क्रिप्ट शिकायला लावणं मला पटत नाही.

सोल्डरगन

हा वाद वेगळ्या धाग्यात घाला, इथे उत्तर हवंय.

ताई, हा जोडदाब बंद करता येत असेल तर ठेवा. पुस्तिकेत तशी सोय नसेल आणि फर्मवेअर बदलता येत नसेल तर मी म्हणेन परत करा. दिवसभर मजकूर लिहिणाऱ्याने अॅरो कीज एफएनखाली ठेवू नयेत. शब्द-शब्द करत निवडायला कंट्रोल, शिफ्ट, एफएन आणि अॅरो अशी चार बटणं एकदम धरावी लागतात. ६५ टक्क्यांचा घ्या, म्हणजे ६७-६८ बटणं. अॅरो स्वतंत्र, डिलीटही सहसा असतं, आणि रुंदी फक्त एका बटणाने वाढते.

खटखट्या

मी ७५ टक्के म्हणेन. ८०-८४ बटणं, वर एफ१ ते एफ१२ ची ओळ. वर्डमध्ये शुद्धलेखन तपासायला एफ७ लागतं. टेबलाची रुंदी जवळपास तितकीच राहते, फक्त खोली एक ओळ वाढते. आणि तपकिरी स्विच बघाच.

रात्रपाळी

एफ७ एफएनबरोबर चालेल, दिवसातून दोन-तीनदा लागतं. अॅरो मात्र सतत लागतात. ६५ कडे कल आहे. पुस्तिकेत जोडदाब बंद करायचं काही लिहिलेलं नाही, तेव्हा हा परत जातोय. ६५ घेताना इन्स्क्रिप्टसाठी काय बघू?

अनुस्वार

दोन बटणं बघा. एक बॅकस्लॅश. आपल्याला ॉ तिथून मिळतो, डॉक्टर लिहायला तो लागतोच. अमेरिकन मांडणीत तो एंटरच्या वर असतो. उंच एंटर असलेल्या युरोपीय मांडणीत त्याची जागा बदलते, तसला घेऊ नका.

दुसरा उजवा शिफ्ट, आणि याकडे नीट लक्ष द्या. आ, इ, ए, ओ, उ हे सुटे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी उजवा शिफ्ट लागतो. मोठ्या कीबोर्डवर तो साध्या बटणाच्या पावणेतीन पट रुंद असतो. ६५ मध्ये तो पावणेदोन पटच उरतो आणि त्याला लागून उजवीकडे वरचा अॅरो येतो. करंगळी सवयीने लांब गेली तर 'आणि' लिहिताना पुन्हा कर्सर वर उडेल. करंगळी स्लॅशच्या लगत ठेवायची सवय होईपर्यंत काही दिवस जातात. मिळाल्या मिळाल्या एक पानभर मजकूर टाइप करून बघा. शिफ्ट जमला नाही तर मुदतीच्या आत बदलून ७५ चाच असा घ्या ज्यात अॅरो थोडे खाली सरकवून वेगळे ठेवलेत.

रात्रपाळी

हे कुणीच सांगितलं नसतं. ६८ बटणांचा मागवला, अमेरिकन मांडणी, लाल स्विच, पुस्तिका आधीच उतरवून वाचली. त्यात झोपेची वेळ बदलता येते आणि अॅरोची अदलाबदल नाही. आला की पानभर टाइप करून उजव्या शिफ्टचं इथेच लिहिते.

वायरवाला

आणि बायॉसचं?

सोल्डरगन

डोंगल साध्या यूएसबी कीबोर्डासारखा दिसतो, त्यामुळे तिथे सहसा चालतो. नाही तर केबल आहेच, पट्टी केबलवर नेऊन.