यामामोतोचा नऊ इनिंगचा सामना बाबांना कसा पटवू?

जामठा_एंड (नागपूर)

मंडळी, मदत पाहिजे. २०२५ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमधला दुसरा सामना, डॉजर्स ५, टोरोंटो ब्लू जेज १. माझ्या मते अख्ख्या सिरीजमध्ये यापेक्षा भारी काही झालं नाही. सातवा सामना नेहमीच्या नऊऐवजी ११ इनिंगपर्यंत गेला (एका इनिंगला दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात, तीन बाद होईपर्यंत), माहीत आहे. तरीही.

२६ ऑक्टोबरचा रविवार, आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर सुरू झाला. मी दिवाळीचा उरलेला चिवडा घेऊन टीव्हीसमोर. बाबा फिरून आले, चहाचा कप घेऊन सोफ्यामागे उभे राहिले, दोनेक इनिंग पाहिल्या आणि म्हणाले, "अरे, इथं तर काहीच होऊन नाही राहिलं." आणि गेले तर्री पोहे खायला.

काहीच होऊन नाही राहिलं, कारण डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, योशिनोबू यामामोतो काही होऊच देत नव्हता! पहिल्या इनिंगला मात्र गडी अडकला होता. टोरोंटोचा स्प्रिंगर तिसऱ्या बेसवर, लुक्स पहिल्यावर, बाद कुणीच नाही, समोर ग्वेरेरो, आणि टोरोंटोचं बंद छताचं स्टेडियम नुसतं गरजत होतं. ग्वेरेरो स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. त्यानंतरचे दोघेही गेले, रन शून्य. तिसऱ्या इनिंगला एक रन दिला, तोही सॅक्रिफाइस फ्लायवर, म्हणजे बॅटर झेल देऊन बाद, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा धावून आला. मग दार बंद. शेवटचे २० बॅटर ओळीने बाद. नऊच्या नऊ इनिंग स्वतः टाकल्या, १०५ चेंडूंत. ४ हिट, ८ स्ट्राइकआउट आणि वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) एकही नाही. मला सगळ्यात जास्त कौतुक या शेवटच्या शून्याचं. असा फुकटचा बेस कुणाला दिलाच नाही.

बाबा सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए मैदानापासूनचे क्रिकेटवाले. २०१५ ला जामठ्याला दक्षिण आफ्रिका ७९ मध्ये गुंडाळली, अश्विनने सामन्यात १२ काढल्या, आणि जगभर बोंब कसली, तर पिचची. आयसीसीनेही पिचला खराब ठरवलं. बाबांना ते अजून झोंबतं. म्हणून मी त्यांना सांगून पाहिलं की इथे चेंडू टप्पाच घेत नाही. भेगा नाहीत, दव नाही, टॉसचं नशीब नाही. हातातून सुटला की साडेअठरा मीटरवर थेट कॅचरच्या (बॅटरमागे बसणाऱ्या, आपल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूच्या) ग्लोव्हमध्ये. जे काय करायचं ते बोटांनी आणि मनगटानेच. पटलं नाही. म्हणे, "मग त्यात बघायचं काय?"

तर सांगा, नेमकं काय दाखवू?

पोहे_डबल_तर्री (नागपूर)

भाऊ, बाबांची चूक नाही. तू त्यांना अर्धाच सामना सांगून राहिला. समोरचा टोरोंटोचा पिचर गॉसमन कुठे गेला? त्यानेही मध्ये सलग १७ बाद केले होते. सातव्या इनिंगपर्यंत १-१ होतं बे! मग डॉजर्सच्या विल स्मिथचा होमरन (आपल्या सिक्ससारखा), त्याच इनिंगला मन्सीचाही, आणि तिथे गॉसमनचा खेळ आटोपला. दोघं समोरासमोर, आधी कोण चुकतो एवढाच प्रश्न. सहाव्या इनिंगपासून दाखव. पहिल्या पाच दाखवशील तर मीही पोहे खायला जाईन.

मुक्ता_कोथरूड (पुणे)

मी म्हणेन, सुरुवात आदल्या सामन्यापासून करा. पहिल्या सामन्याची सहावी इनिंग लावा. डॉजर्सचा पिचर स्नेल गेला, बुलपेन (राखीव पिचर) आलं आणि एकाच इनिंगमध्ये ९ रन. टोरोंटोच्या बार्जरने पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून येऊन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, चार रन) मारला, वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात तसा पहिलाच. सामना डॉजर्सच्या हातून ११-४ ने गेला. हे पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी यामामोतो चेंडू कुणाकडेच का देत नाही, ते काकांना वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि हे हल्ली दुर्मीळ का, तेही सांगा. बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरचा अंदाज आलेला असतो, म्हणून मॅनेजर त्याआधीच पिचर बदलतात. वर्ल्ड सिरीजमध्ये पूर्ण सामना टाकणारा याच्याआधीचा क्वेटो, २०१५ मध्ये. यामामोतोने तर आधीच्या फेरीत ब्रूअर्सविरुद्धही नऊ टाकल्या होत्या. तिथे पहिल्याच चेंडूवर चुरिओने होमरन मारला होता, आणि तेवढाच एक रन मिळाला त्यांना. पोस्टसीझनमध्ये (लीगनंतरच्या बाद फेऱ्यांत) असे लागोपाठ दोन सामने शिलिंगनंतर, म्हणजे २००१ नंतर, कुणी टाकले नव्हते.

पिचचा मुद्दा छान आहे, पण "हातानेच" हे जरा जास्त होतंय. कॅचर स्मिथ काय बसून होता का? स्प्लिटर (बॅटरजवळ अचानक खाली पडणारा चेंडू) जमिनीत घुसतो तेव्हा अडवतो कोण?

ओरिक्सचा_जुना_भक्त

यामामोतोचा डॉजर्सशी १२ वर्षांचा ३२.५ कोटी डॉलरचा करार झाला तेव्हा इथेच लोक म्हणत होते, पाच फूट दहा इंचाच्या माणसाला एवढे? जपानात ओळीने तीन वर्षं, २०२१ ते २०२३, सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार घेऊन आला होता. वजनं उचलत नाही, सरावाला भाला फेकतो. तुमच्या बाबांना हे नक्की आवडेल, आधीच्या पिढीला जिमचं कौतुक नसतंच.

बाकी बेस्ट सामना तिसराच. १८ इनिंग, शेवटी डॉजर्सच्या फ्रीमनचा होमरन. आणि तिथेही शेवटी बुलपेनमध्ये वॉर्मअप कोण करत होतं? दोनच दिवसांपूर्वी १०५ चेंडू टाकलेला हाच.

जामठा_एंड (नागपूर)

मुक्ताताई, तुमचं ऐकलं. स्मिथचंही मान्य. काल जेवणानंतर आधी ती ९ रनवाली सहावी लावली, मग दुसऱ्या सामन्याची सातवी ते नववी. बार्जरच्या ग्रँड स्लॅमला बाबा सरळ होऊन बसले. नवव्या इनिंगला यामामोतोच परत आला तर म्हणे, "याला सुट्टी नाही का?" मी लगेच सहाव्या आणि सातव्या सामन्याचं सांगितलं. आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आठ बाद केले आणि कप घेऊन गेला. यावर ते काही बोलले नाहीत, फक्त रिमोट मागितला आणि स्प्लिटर दोनदा मागे घेऊन पाहिला.

आता नवाच पेच. एकटाच टाकतो तर ओव्हर संपल्यावर एंड कोण बदलतो, असं विचारून राहिले. पोहेवाल्या भाऊ, हे तूच समजाव, रविवारी घरी ये.