लाकडी धनुष्य हातात घेण्याआधी जमीन बघा

मॅडिसनकर

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्या विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याच्या शिकारीची लगबग सुरू होते. हा नाद इथे जुना आहे. १९३४ साली याच राज्याने, दोनच काउंट्यांपुरता का होईना, धनुर्धाऱ्यांना हरणांचा वेगळा हंगाम दिला. वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्डही घरी स्वतः धनुष्यं घडवायचे.

पुढे १९६६ मध्ये मिसूरीच्या हॉलेस ॲलन यांनी कप्प्यांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि सगळा खेळच बदलला. आजच्या कंपाउंड धनुष्याची दोरी पूर्ण ओढली की बहुतेक भार कप्प्या पेलतात, माणूस निवांत नेम धरून थांबतो. साध्या लाँगबोत किंवा टोकं उलटी वळवलेल्या रिकर्व्हमध्ये ती सोय नाही. पंचेचाळीस पौंडांची ओढ म्हणजे पंचेचाळीस पौंड, थेट बोटांवर. तरी कप्प्या सोडून लाकडाकडे वळणारे लोक आहेत, मीही त्यांतलाच.

पण 'पारंपरिक धनुष्य चांगलं की वाईट' हा वाद मला अर्धवट वाटतो. कुठल्या जमिनीवर, ते आधी सांगा. इथल्या ओकच्या जंगलात एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, पडायला लागली की हरणांच्या वाटा ठरतात. वारा बघून मचाण बांधलं तर सावज पंधरा पावलांवर येतं. तिथे लाकडी धनुष्य पुरतं. वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या मागे तेच धनुष्य घेऊन जा. त्याची नजर भयंकर तेज आणि आडोशाला सेजब्रशची गुडघाभर झुडपं. पाणवठ्याशी खड्डा करून लपलात तर ठीक. रांगत गाठायला गेलात तर पन्नास पावलांवर अडकता, आणि मग 'सोडून बघू' हा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: उघड्या माळावर माग काढत केलेली शिकार लाकडी धनुष्याने करू नये. कायदा हे विचारत नाही. कोलोरॅडोत ओढ किमान ३५ पौंड हवी, बाणाचं पातं किमान ७/८ इंच रुंद हवं. बाण किती लांबून सोडायचा, ते तुमच्या मनावर.

काटेसावर

वर्णन आवडलं, निष्कर्ष मुळीच पटला नाही. माळ अवघड आहे म्हणून अयोग्य कसा? प्रेअरीवरच्या जमातींनी घोड्यावर बसून आखूड, पाठीला स्नायूंचे तंतू चिकटवलेल्या धनुष्यांनी बायसन (तिकडचे गवे) मारले, तेही अगदी खेटून. जमिनीने तिथे धनुष्यच बदलून घेतलं, शिकार थांबवली नाही.

आणि उघडं-बंद हा हिशेबच चुकतो. कोलोरॅडोत तीन हजार मीटरवर सप्टेंबरात एल्कचे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे, नर साद घालत फिरतात. मादीचा आवाज काढता आला तर नर मोकळ्या कुरणातूनही वीस पावलांवर चालत येतो. तिथे घात करतो तो वारा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की उलट फिरते. ती वेळ चुकली तर घनदाट झाडीतही एल्क दिसणार नाही. म्हणजे प्रश्न माणसाला ती जागा कळते का, एवढाच. तुम्ही मात्र आख्ख्या भूप्रदेशालाच मनाई करताय.

नेत्रा_पु

तुमचा वाद दोन शिकाऱ्यांमधला आहे, त्यात हरणाला कुणी विचारलंय? बाणाने जनावर पडतं ते रक्तस्रावाने. पातं दोन्ही फुप्फुसांतून गेलं तर काही सेकंदांचा मामला, थोडं मागे लागलं तर तासन्‌तासांचा. मेरीलँडमधल्या नौदलाच्या एका तळावर बरीच वर्षं नोंदी ठेवून अभ्यास झाला. बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत. ती धनुष्यं आधुनिक होती आणि माणसं नेमबाजीची चाचणी पास झालेली. तुम्ही त्याहून कमकुवत हत्यार मुद्दाम निवडता आणि वर त्याला परंपरा म्हणता. ब्रिटनने १९८१ च्या कायद्यात धनुष्याने प्राणी मारण्यावर बंदी घातली, ती उगाच नाही. आव्हान तुम्हाला हवंय, किंमत दुसरा मोजतोय.

काटेसावर

@नेत्रा_पु, हाती न आलेलं प्रत्येक हरीण मरतं असं नाही. खांद्याच्या वरच्या मांसात लागलेले बरेचसे जगतात. आणि फ्रान्सने १९९५ मध्ये धनुष्याला परवानगी दिली, तेही उगाच नसेल.

गतिज

अंतराचं गणित मांडतो, कारण इथे सगळे पावलांत बोलताहेत. लाँगबोचा बाण साधारण सेकंदाला ५० मीटर जातो. अठरा मीटर कापायला त्याला सेकंदाचा एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज तेवढं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात गाठतो. उरलेला वेळ हरणाचा. ते पळायच्या आधी पाय मुडपून अंग खाली घेतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा भलत्या जागी लागतो. छत्तीस मीटरवर ही सवड सहा दशांश सेकंदांहून जास्त होते. कंपाउंडचा बाण बऱ्यापैकी वेगवान असला तरी आवाजाच्या मागेच असतो. म्हणून मॅडिसनकरांचा मुद्दा मला पटतो, फक्त त्यांनी माळाऐवजी मीटर म्हणायला हवं होतं.

सातपुड्याचा

नंदुरबारचा आहे, त्यामुळे जरा वेगळं बोलतो. 'पारंपरिक' हा शब्द इथे फार सहज फिरतोय. अमेरिकेतल्या या छंदाची सुरुवात कुठून होते? कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या आदिवासी जमातीच्या कत्तली झाल्या. त्यांतला शेवटचा उरलेला इशी १९११ मध्ये ओरोव्हिलला एकटाच बाहेर आला. सॅक्सटन पोप या डॉक्टरांनी त्याच्याकडून धनुष्य करणं, सावजाला आवाज देऊन बोलावणं, जवळ जाणं शिकून घेतलं. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. १९६१ मध्ये धनुर्धारी शिकाऱ्यांचा मोठा क्लब निघाला, त्याला पोप आणि त्यांचे जोडीदार यंग यांची नावं. शिकवणाऱ्याचं नाव नाही.

आमच्याकडे भिल्लाचा तिरकमठा लग्नात, मिरवणुकीत, सरकारी चित्ररथात चालतो. त्यानेच ससा मारला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमीन दिली, मध-मोहाचे हक्क दिले, शिकार मात्र स्पष्ट शब्दांत वगळली. शिकार खुली करा असं मी म्हणत नाही, आमच्या डोंगरात आता आहे तरी काय मारायला? पण इथे गरजेपोटी करणारा आरोपी आणि तिकडे हौसेने करणारा परंपरेचा राखणदार, हे तेवढं लक्षात असू द्या.

रोही_टेक्सास

सातपुडेकर, आमच्याकडे तर सावजंही तुमचीच आहेत. दक्षिण टेक्सासच्या काटेरी मेस्कीट झुडपांत नीलगायींचे कळप आहेत. गेल्या शतकात रँचवाल्यांनी आणून सोडलेले. विदर्भातल्या शेतकऱ्याला रात्रभर जागवणारा रोही इथे पैसे भरून मारतात. कातडं इतकं जाड की हलक्या धनुष्याने प्रयत्न करू नये असं अनुभवी लोक बजावतात. चितळ हवाईत १८६० च्या दशकात पोचलं. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, मोलोकाई बेटाचे उतार चरून उघडे पडले.

म्हणून 'आम्ही संख्या आटोक्यात ठेवतो' हा दावा निदान लाँगबोवाल्यांनी करू नये. संख्या खरंच कमी करायची तर रायफल लागते. शिकारीच्या सामानावरच्या ११ टक्के कराचा पैसा संवर्धनाला जातो हे खरं, धनुष्यांवरही १९७० च्या दशकापासून तो लागू आहे. पण कर रायफलवालाही भरतो.

मॅडिसनकर

@गतिज, मीटर मान्य. पण माणूस बाण सोडताना मीटर मोजत नाही, समोरची जमीन त्याला भरीस पाडते. म्हणून मी माळच म्हणणार. @रोही_टेक्सास, संख्येचा दावा मी केलाच नव्हता, करणारही नाही. @सातपुड्याचा, क्लबाच्या नावाचं बोललात ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नेत्रा_पु

उत्तर अठरा टक्क्यांचंही नाही. 'बरेचसे जगतात' म्हणजे किती? मचाणावरून पंधरा पावलांवर तुमचा लाकडी बाण चुकीच्या जागी लागला, तर माग किती वेळ काढता आणि कधी सोडून देता, ते लिहा. मग जमिनीबद्दल बोलू.