‘कॉसमॉस’च्या जुन्या कॅसेट वाचवायच्या, की डीव्हीडी घ्यायची?

वसुधा_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न कॅसेटचा आहे, पण आधी थोडं मागचं सांगते.

१९९२ च्या मे महिन्यात मामा न्यू जर्सीहून आला, तो अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या ‘कॉसमॉस’ या विश्वावरच्या टीव्ही मालिकेच्या व्हीएचएस कॅसेटची पेटी घेऊन. मी तेव्हा सातवी संपवून आठवीत जाणार होते. अण्णांनी या मालिकेतले एकदोन भाग दूरदर्शनवर पाहिले होते आणि सगळे तेरा भाग सलग बघायची त्यांची फार इच्छा होती. घरात व्हीसीआर नव्हता, म्हणून व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीपुरता भाड्याने आणला. कॅसेट लावली. आवाज खणखणीत, पण चित्र काळंपांढरं आणि सारखं वर सरकणारं. अमेरिकेतली कॅसेट आपल्याकडच्या यंत्रावर अशीच दिसणार, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

अण्णांनी खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि सेगनचं एकेक वाक्य ऐकून आम्हाला मराठीत सांगायला लागले. वाक्य संपलं की बटण दाबायचं, सांगायचं, पुन्हा बटण. ते पोस्टात कारकून होते, इंग्रजी वर्तमानपत्र वाचून कमावलेलं. त्या रात्री चार भाग झाले. पुढच्या दोन सुट्ट्यांत बाकीचे. दोनशेपानी वहीत त्यांनी शब्द लिहून ठेवलेत: दीर्घिका, कृष्णविवर, तेजोमेघ. एका कॅसेटवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, ‘भाग १०, ब्रह्मदेवाचा दिवस’.

म्हणजे मी ‘कॉसमॉस’ ऐकलाय. रंगात कधीच पाहिलेला नाही.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. मी इथल्याच शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात माळा आवरताना पेटी सापडली, आता त्यात सहाच कॅसेट आहेत. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. शाळेत प्रोजेक्टर आहे आणि नववीला ही मालिका दाखवायचं मनात आहे. मला विचारायचंय ते असं: या कॅसेट वाचतील का? डीव्हीडी घ्यायची तर कुठली? आणि १९८० सालचं विज्ञान आजच्या पोरांना दाखवणं बरोबर आहे का? हे शेवटचं मला सगळ्यात जास्त टोचतंय.

जुनीटेप

वसुधाताई, पहिली विनंती: त्या कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. यंत्र चालू झालं की ती टेप वाचणाऱ्या हेडवर चिकटते, टेप ओरखडली जाते, आणि त्यानंतर त्या यंत्रात घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. मी सत्तावीस वर्षं व्हिडिओ दुरुस्तीचं काम केलं. कोकणातून आणि तुमच्या भागातून आलेल्या दर तीन पेट्यांमागे एकीत हेच असायचं.

कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठदहा दिवस ठेवा. बुरशी पूर्ण कोरडी झाली की मग सफाई करता येते. त्यासाठी कवच उघडून टेपची रिळं दुसऱ्या स्वच्छ कवचात घालावी लागतात. हे काम तोंडाला मास्क लावून आणि उघड्या हवेत करायचं. स्वतः करू नका, जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाकडे द्या.

चित्र का सरकत होतं, तेही सांगतो. टीव्हीचं चित्र पाठवायची अमेरिकेत एनटीएससी ही पद्धत, आपल्याकडे ‘पाल’ (PAL) ही. त्यांच्या चित्रात ५२५ ओळी आणि सेकंदाला साधारण तीस चित्रं, आपल्यात ६२५ ओळी आणि पंचवीस चित्रं. रंग साठवायची रीतही वेगळी. आवाजाचा पट्टा टेपच्या कडेने स्वतंत्र जातो, म्हणून तो नीट आला. त्या काळी आखाती देशांतून आलेल्यांकडे दोन्ही पद्धती चालवणारे मल्टिसिस्टिम व्हीसीआर आणि टीव्ही असायचे, त्यावर हीच कॅसेट रंगीत दिसली असती. आजही असा एखादा मिळवून संगणकावर उतरवता येईल. पण दुकानातून विकल्या जाणाऱ्या कॅसेटवर पुष्कळदा नक्कलविरोधी संकेत असतो, त्याने उतरवलेलं चित्र उजळतं-मंदावतं.

म्हणून माझं मत: दाखवायला डीव्हीडी घ्या. २००० साली सात डिस्कचा संच निघाला, तो सगळ्या प्रदेशांसाठी खुला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या प्लेअरला चालतो. संगणकाला जोडून प्रोजेक्टरवर टाकलात तर एनटीएससीची कटकटही उरत नाही. इंग्रजी सबटायटल आहेत. सेगन सावकाश बोलतो, पण नववीच्या मुलांना अक्षरं समोर असलेली बरी. घेताना संपूर्ण तेरा भाग आणि मूळ लांबी आहे ना ते पाहून घ्या. काही देशांत कापलेल्या आवृत्त्याही विकल्या गेल्या.

आणि चिठ्ठी असलेली ती कॅसेट मात्र साफ करून घ्याच. चालो न चालो.

मघा

वसुधाताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते. मी आकाशनिरीक्षण मंडळात गेली वीस वर्षं आहे आणि ही मालिका मुलांसोबत दोनदा पाहिली आहे.

जरूर दाखवा. जिथे विज्ञान पुढे गेलंय तिथे थांबून सांगा. तुमच्या अण्णांनी बटण दाबलं तसंच. सेगन विश्वाचं वय पंधरा ते वीस अब्ज वर्षं धरतो, आज आपण १३.८ अब्ज म्हणतो. तेव्हा दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह खात्रीने माहीत नव्हता. पहिले सापडले १९९२ मध्ये, तेही एका पल्सारभोवती, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याभोवती (तुमच्या घरी व्हीसीआर आला ते साल!), आणि १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला. आता पाच हजारांहून जास्त आहेत. विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे १९९८ मध्ये कळलं. शेवटच्या भागात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं प्राचीन ग्रंथालय आणि तिथली गणितज्ञ हायपेशिया यांची गोष्ट फार जवळजवळ जोडली आहे. हायपेशियाचा खून इ.स. ४१५ मधला, पण ग्रंथालय त्याच्या कितीतरी आधीपासून ओसरत गेलं होतं. हे मुलांना सांगायलाच हवं.

सहावा भाग मला सर्वात आवडतो. तो अमेरिकेत २ नोव्हेंबर १९८० ला दाखवला गेला. त्यात नासाच्या व्हॉयेजर यानांनी गुरूजवळून पाठवलेली चित्रं आहेत, आणि दहाच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, व्हॉयेजर १ शनीजवळून गेलं. बघणाऱ्यांना मालिका आणि बातमी एकाच वेळी मिळत होती. आपल्या मुलांना ते कसं सांगायचं याचा मी अजून विचार करते.

‘ब्रह्मदेवाचा दिवस’ अण्णांनी लिहिलं तो दहावा भाग. त्यात तमिळनाडूतलं पोंगल आणि चोळांचं मंदिर आहे. ब्रह्मदेवाचा दिवस-रात्र ८६४ कोटी वर्षांचा, पृथ्वीच्या वयापेक्षा मोठा, असं सेगन प्रेमाने सांगतो. पण हा आकडा आधुनिक विज्ञानाच्या जवळ येतो तो योगायोगाने, हेही तो तिथेच म्हणतो. ते वाक्य सुटू देऊ नका. वर्गात कुणीतरी नक्की म्हणेल की आपल्याला सगळं आधीच माहीत होतं.

पहिल्या भागातलं वैश्विक कॅलेंडर मुलांकडून नव्याने मांडून घ्या. १३.८ अब्ज वर्षं एका वर्षात बसवली तर एक सेकंद म्हणजे साधारण ४३७ वर्षं. शिवराज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या एक सेकंदाहून कमी आधी. ज्ञानेश्वरी पावणेदोन सेकंद. आमच्या पोरांनी फळ्यावर हे मांडलं तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि अकराव्या भागात व्हॉयेजरवरची सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनितबकडी येते. तिच्यावर गायिका केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, पण त्यांचे गुरू अल्लादियाखाँ तुमच्या कोल्हापूर दरबारचे. व्हॉयेजर १ चं उड्डाण ५ सप्टेंबर १९७७, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. कोल्हापूरच्या मुलांना हे ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ

मी नाशिकला शिकवतो, म्हणून मध्येच येतो. पहिल्याच भागात प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसची काठी आहे. इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया इथल्या सावल्यांच्या फरकावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. कोल्हापूर आणि नाशिक जवळपास एकाच रेखांशावर आहेत. अक्षांशात फरक सुमारे ३.३ अंश, सरळ रेषेत अंतर सुमारे ३७० किलोमीटर. मॅडम, तुमची नववी आणि माझी नववी एकाच दिवशी सावली मोजू शकते.

वसुधा_कोल्हापूर

तुम्हा सगळ्यांचं वाचलं आणि थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही.

जुनीटेप काका, कॅसेट डब्यात गेल्या. डीव्हीडीचा संच मामाच्या मुलाला सांगितला आहे, तो दिवाळीत येतोय. मघाताई, भैरवी आज दुपारी मधल्या सुट्टीत मोबाइलवर लावली. दोन मुली डबा बाजूला ठेवून शेवटपर्यंत उभ्या होत्या. एकीने विचारलं, “बाई, ही आत्ता कुठं पोचली?” मी तिला उद्या आकडा घेऊन यायला सांगितलंय.

अण्णांची वही वर्गात ठेवणार आहे. दर भागानंतर एका मुलाने पुढच्या पानावर नवा शब्द लिहायचा.

गोदाकाठ सर, जानेवारीचा तिसरा आठवडा धरू या का? आकाश स्वच्छ असतं. एक मीटरची काठी, ओळंब्याने सरळ उभी. मी हिशोब करून पाहिला: आमची सर्वात छोटी सावली ७५ सेंटिमीटरच्या आसपास पडेल, तुमची ८४ च्या. आमच्याकडे १२:४४ ला, तुमच्याकडे दोन मिनिटांनी. मुलांना आकडे आधी सांगायचे नाहीत. फोन मात्र चालू ठेवू.

गोदाकाठ

ठरलं. पाण्याच्या पाइपचा मीटरभर तुकडा कापून ठेवतो, लाकूड वाकतं.